दाढेत सापडलेली माळ

मित्रांनो, मी एक फार जुनी माळ आहे. गळ्यात घालायची नव्हे. सोनाराने मला ओवलेले नाही आणि चोराने कधी पळवलेले नाही. मी माणसाच्या शरीरात राहते, आणि इतकी बारीक आहे की मला बघायला चष्मा पुरत नाही, भलेमोठे यंत्र लागते. शास्त्रज्ञ मला आईकडून येणारा डीएनए म्हणतात. नाव जरा जड आहे, म्हणून मी स्वतःला माळच म्हणवून घेते. सोळा हजारांहून थोडे जास्त मणी, मण्यांच्या जाती चारच, आणि शेवटचा मणी पहिल्याला जोडलेला. मला टोक असे नाहीच. त्यामुळे बोलायला लागले की थांबावे कुठे ते मला कळत नाही, असे कुणी म्हटले तर मी रागावणार नाही.

सध्या मी ज्या मुलीत राहते, तिच्यावर मध्यंतरी माझ्यामुळे आळ आला. तिच्या नावाला कायमचा बट्टा लागायची वेळ आली होती. तिने काही केले नव्हते, मीही काही केले नव्हते. पण मी दोन ठिकाणी सापडले, आणि लोकांना वाटले की या ठिकाणची त्या ठिकाणी मला तिनेच सांडले. ती हकिगत सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे. मात्र त्याआधी मी कोण, कुठली, हे सांगायला हवे. जरा मागे जाऊ. जरा म्हणजे माझ्या हिशेबाने जरा.

अगदी सुरुवातीला मी माणसात नव्हते, कारण माणूसच नव्हता. माझे पूर्वज पाण्यात राहणारे इवलेसे, स्वतंत्र जीव होते. त्यांतल्या एकाला एका मोठ्या पेशीने गिळले. गिळले खरे, पण पचवता आले नाही. मग दोघांनी समजूतदारपणा दाखवला. पेशीने राहायला जागा दिली, आणि आम्ही तिला अन्नातून शक्ती काढून द्यायला लागलो. तेव्हापासून आम्ही पेशीच्या चुलीपाशीच आहोत. तुम्ही धावता, हसता, गणित सुटत नाही म्हणून डोके खाजवता, त्या सगळ्यामागची ऊब आमच्या चुलीतली असते. तेव्हा मला कुणी आयत्या बिळावरचा नागोबा म्हणू नये. मी राबून राहते.

पेशीच्या मधोमध एक गाभा असतो. तिथे मोठी मंडळी राहतात, अर्धी आईकडची, अर्धी वडिलांकडची. बाळ जन्मले की कौतुक त्यांचेच. नाक बाबांचे, डोळे आत्याचे, रडणे आजोबांचे. माझे नाव कुणी घेत नाही. चुलीशी राबणाऱ्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, त्यातलाच हा प्रकार. आता सवय झाली आहे, पण वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही.

एक मान मात्र माझ्याकडे आहे. मी फक्त आईकडून येते. आई आपल्या सगळ्या मुलांना मला देते, मुलग्यांनाही आणि मुलींनाही. मुलगे मला जन्मभर सांभाळतात, पण पुढे देत नाहीत. त्यांची मुले आपापल्या आईची माळ घेऊन येतात. मुली मात्र मला पुढे नेतात. आईकडून मुलीला, त्या मुलीकडून तिच्या मुलीला, अशी माझी वाट. एखाद्या घरात नुसते मुलगेच झाले की त्या घरापुरता माझा रस्ता संपतो. मुलगे गुणाचे असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण दाई "मुलगी झाली" म्हणाली की माझा जीव भांड्यात पडतो, हे खरे.

फार फार पूर्वी, एका उबदार प्रदेशात, एक आई होऊन गेली. आज पृथ्वीवर जितकी माणसे आहेत, त्या सगळ्यांच्या आईची आई, तिची आई, असे मागे मागे जात राहिले, तर सगळ्या वाटा तिच्यापाशी येऊन मिळतात. ती काही त्या काळी एकटी नव्हती. तिच्या शेजारणी होत्या, मैत्रिणी होत्या, तिच्याशी पाण्यावरून भांडणाऱ्याही असतील. त्यांच्या माळा वाटेत कुठे ना कुठे थांबल्या. तिची थांबली नाही, इतकेच. म्हणजे मित्रांनो, शाळेत ज्याच्याशी तुमची कट्टी आहे, तोही आईकडून तुमचा नातलगच लागतो. लांबचा आहे, पण आहे.

मग तुम्ही म्हणाल, सगळ्यांची माळ एकच का नाही? त्याचे असे आहे. आईच्या माळेवरून नवी माळ ओवली जाते, तेव्हा फार क्वचित एखादा मणी बदलतो. हिरव्याच्या जागी पिवळा यावा, तसा. बहुतेक वेळा त्याने कुणाचे काही बिघडत नाही. कित्येक पिढ्या जातात, तेव्हा एखादा मणी. पण तो एकदा बदलला की पुढच्या सगळ्या लेकींना तसाच मिळतो. माझी स्वतःची शाखा अशीच सुरू झाली. समुद्राकाठी मीठ गोळा करणाऱ्या एका बाईत माझा एक मणी बदलला. तिला पत्ताही लागला नाही. ती मीठच गोळा करत राहिली.

तिच्या दोन मुली होत्या. एक किनाऱ्याकिनाऱ्याने गेली, दुसरी डोंगर ओलांडून आत. मी दोघींबरोबर गेले. असे दोन्हीकडे जाणे मला सहज जमते. कधी दुष्काळ पडला म्हणून निघालो, कधी पलीकडे हरणे जास्त आहेत अशी आवई उठली म्हणून. पुढे गावे वसली, लग्ने होऊ लागली, आणि मुलगी नांदायला गेली की मीही तिच्यासोबत नव्या घरी. राजे सैन्य घेऊन फिरले आणि त्याच्या बखरी झाल्या. मी सुनांच्या पावलांनी त्याहून जास्त फिरले, आणि कुणाला चाहूल लागली नाही.

एकदा मात्र पाचावर धारण बसली होती. बर्फाळ खिंडीत माझी ती सगळी शाखा एका मुलीवर येऊन ठेपली. तिला ताप भरला होता आणि बरोबरची माणसे पुढे निघायची घाई करत होती. तिच्या थोरल्या भावाने तिला पाठुंगळी घेतले आणि अख्खी खिंड उतरला. मुलगे मला पुढे देत नाहीत असे मी आताच म्हटले. पण त्या भावाने मला दिले नाही, तरी नेले. ती मुलगी वाचली, तिला पुढे पाच मुली झाल्या आणि पाचही एकजात भांडखोर निघाल्या. माझी भरभराट सुरू झाली.

त्या भांडखोर मुलींच्या वंशात, खूप पिढ्यांनी, एक टोपल्या विणणारी बाई होऊन गेली. ती उथळ नदीच्या उताराजवळ राहायची. वेताची कांब दातात धरायची, एका हाताने ओढायची, दुसऱ्याने वळवायची. आयुष्यभर हेच केल्याने तिच्या पुढच्या दाताला बारीकशी खाच पडली होती. स्वभावाने गोड, पण टोपली कुणी नीट धरली नाही की तिचे तोंड सुटे. तिला दोन मुली झाल्या. म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा तिला नदीजवळच पुरले. थोरल्या मुलीने उशाशी एक टोपली ठेवली. टोपली केव्हाच मातीला मिळाली. मी मात्र तिच्या दाढांच्या मुळांत, तुकड्यातुकड्यांनी, तग धरून राहिले. आणि त्याच वेळी थोरल्या मुलीबरोबर पुढेही निघाले होते.

ती वाट चालत चालत मी आले ती आजच्या मुलीत. तिला घरात घाई म्हणतात. हे नाव तिच्या मावशीने ठेवले. जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या ती गाळतेच, आणि कपात चहा ओतेपर्यंत तिचा अर्धा चहा पिऊन झालेला असतो. घाईची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मावशी पोहायला शिकवते. तलावाच्या काठाकाठाने चालत ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला आहे की घरात ती कानात बोलली तरी शेजारी दार उघडतात. आणि घाई स्वतः जुन्या हाडांच्या प्रयोगशाळेत काम शिकते आहे.

या प्रयोगशाळेत एक आतली खोली आहे. तिथे जाताना पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर काच, हातात एकावर एक दोन मोजे. जुन्या हाडात आमच्यासारख्या माळांचे थोडेसेच तुकडे शिल्लक असतात. काम करणाऱ्याची एक शिंक किंवा घामाचा एक थेंब त्यात पडला, तर त्याच्या ताज्या माळा जुन्यांना झाकून टाकतात. म्हणून तिथे एक पद्धत आहे. कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने, अगदी लादी पुसणाऱ्या काकांनीसुद्धा, पहिल्याच दिवशी गालाच्या आत कापसाची काडी फिरवून आपला नमुना द्यायचा. तो वाचून ठेवतात. पुढे एखाद्या हाडात काम करणाऱ्यापैकी कुणाची माळ दिसली, की समजायचे, नमुन्यावर डाग पडला. तिथे डाग हाच शब्द वापरतात, आणि डाग पाडणाऱ्याकडे जेवणाच्या सुट्टीत कुणी फारसे बघत नाही.

घाईचा सगळा जीव त्या आतल्या खोलीत होता. गंमत अशी की बाहेर धांदरट असलेली ही मुलगी तो पांढरा पोशाख चढवला की वेगळीच होई. श्वाससुद्धा मोजून घेतल्यासारखा. शाळेत असल्यापासून तिला हेच काम करायचे होते.

एके दिवशी खोदकाम करणारे सर दोन दाढा घेऊन आले. आपल्या टोपलीवाल्या बाईच्या दाढा. पुराने काठ खचला होता आणि ती वर आली होती. बाकीचे दात किडलेले, झिजलेले किंवा गळालेले. कामाच्या म्हणाव्यात अशा एवढ्या दोनच. मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, यांनी पहिली दाढ घाईच्या हाती सोपवली. तिची ही पहिलीच स्वतंत्र दाढ. तिने ती वरून पुसली, बारीक यंत्राने मूळ कापले, आतली भुकटी नळीत घेतली. आणि मित्रांनो, त्या क्षणी मी मला भेटले. मी मोज्याच्या अलीकडे होते आणि पलीकडेही होते. इतक्या काळाने घरचे कुणी भेटल्यावर काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मला तर बोलायचीही सोय नव्हती.

पहिल्या तपासणीत माळेचा फक्त एक छोटा भाग वाचतात. तो वाचून झाला आणि मोठ्या बाईंनी घाईला बोलावले.

"हा तुझाच डीएनए आलाय," त्या म्हणाल्या.

"माझा कसा येईल, बाई? मी सगळं नियमाप्रमाणे केलं. आणि कोरी नळी कोरीच आली ना?"

प्रत्येक नमुन्याबरोबर एक नळी मुद्दाम रिकामी ठेवून तपासतात. खोलीत काही उडत असेल तर ते तिच्यातही सापडते. ती खरेच स्वच्छ आली होती.

"शिंतोडा एकाच नळीत पडतो. बाकीच्यांना सांगून पडत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुझी माळ काही साधी नाही. आजवर इथे कुणातच सापडली नव्हती. ती नेमकी या दाढेत निघते? बोलाफुलाला गाठ पडते, पण इतकी?"

खरे सांगते, बाई 'डीएनए' म्हणाल्या होत्या. 'माळ' मी माझ्या सोयीने घातले.

"मग मी आता काय करू?"

"सध्या आत जाऊ नकोस. बाहेर बरण्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आहेत, ते बघ. आत काम करणं सगळ्यांना जमतंच असं नाही. त्यात कमीपणा नाही."

यापेक्षा बाई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. घाई गुपचूप बरण्यांपाशी गेली. मी आतून कंठशोष करत होते, "अहो, तो डाग नाही, ती आजी आहे." पण मला कंठच नाही, तर ऐकणार कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता.

संध्याकाळी घाई दुकानात आईकडे गेली. आई काच यंत्रावर धरून कडा घासत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू हात नीट धुतले होतेस ना?"

घाईचे डोळेच भरले. "तुलाही तसंच वाटतं?"

आईने यंत्र बंद केले. "तसं नाही गं. तू दूध तापवायला ठेवतेस आणि अंघोळीला जातेस, म्हणून विचारलं. चुकलं माझं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दाढेला दुसरी बहीण आहे म्हणालीस ना? मग तिला विचारा की."

हे घाईच्याही मनात होते, पण बोलायचे धैर्य होत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने ते केले. "दुसरी दाढ उघडा, बाई. मी हात लावणार नाही. त्या दिवशी मी इमारतीतसुद्धा येणार नाही."

ती शेवटची दाढ होती. तीही वाया गेली तर त्या टोपलीवाल्या बाईबद्दल विचारायला काहीच उरणार नव्हते. पण बाई न्यायी होत्या. त्यांनी ठरवले की ही दाढ त्या स्वतः उघडतील, आणि एकट्या.

तो दिवस घाईने मावशीच्या तलावावर काढला. मावशी लहान मुलांना पाय मारायला शिकवत होती आणि घाई काठावर फोन मांडीवर ठेवून बसली होती.

"फोनकडे बघून तो वाजत नाही," मावशी ओरडली. "पाण्यात उतर."

"मावशी, मला परत आत घेतलं नाही तर?"

मावशी तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. आवाज लहान करायचा तिने मनापासून प्रयत्न केला. "तर तू रड. मग जेव. मग दुसरी प्रयोगशाळा बघ. पण तू केलं नसशील तर केलं असं म्हणू नकोस, सुटका व्हावी म्हणूनसुद्धा." समोरची सगळी मुले पाय मारायचे थांबून ऐकत होती. "तुम्ही काय बघताय? मारा पाय."

दोन-तीन दिवसांनी बोलावणे आले. प्रयोगशाळेत सगळे उभे होते. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. यंत्र चालवणारा दादा कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

"परत तूच," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून, आणि तू इथे नसताना."

"म्हणजे आख्ख्या खोलीत हिचेच कण पसरलेत," दादा म्हणाला. "सगळी खोली धुवावी लागणार. या वर्षात काढलेले सगळे नमुने पुन्हा बघावे लागतील."

पाहा मित्रांनो, सुटायला गेली आणि जास्तच अडकली. घाईने भिंतीला हात टेकला. पण ती रडली नाही. "कोरी नळी?" तिने विचारले.

"कोरी," दादाने कबूल केले.

"खोलीभर मी असेन, तर तीत का नाही?"

मोठ्या बाई यंत्राकडे वळल्या आणि दादाला म्हणाल्या, "आपण छोटाच भाग वाचलाय. दाढेतली पूर्ण वाच. आणि हिचीही पूर्ण. पहिल्या मण्यापासून शेवटच्यापर्यंत." हा 'मणी'सुद्धा माझाच, तो बाईंच्या तोंडी घातल्याबद्दल त्या मला माफ करतील.

पूर्ण वाचायला वेळ लागतो. त्या काळात घाईने इतक्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या की शेवटी बरण्या संपल्या. जिनाही ती एकेक पायरी उतरत होती, आणि तेच मला सगळ्यांत वाईट वाटत होते.

अखेर दोन्ही माळा पडद्यावर एकीखाली एक मांडल्या गेल्या. दादा बोटाने सरकत चालला. सारखे, सारखे, सगळे सारखे. आणि मग बोट थांबले. एका जागी घाईत वेगळा मणी होता आणि दाढेत जुना. एकच मणी. दादाने पुन्हा पाहिले. खुर्ची मागे सरकवून तो उठून उभा राहिला. "बाई, हा मणी हिचा असता तर हिच्यासारखा असता."

किती सोपी गोष्ट. घाईचा शिंतोडा उडाला असता, तर तिचा बदललेला मणी त्यात आलाच असता. दाढेतल्या माळेत तो नव्हता, कारण टोपलीवाल्या बाईच्या काळी तो मणी बदललेलाच नव्हता. तो बदलला तिच्यानंतर, तिच्या लेकींच्या लेकींत. शिवाय दाढेतले तुकडे टोकांना झिजलेले निघाले. तशी झीज ताज्या थेंबात नसते, ती फार काळ मातीत राहूनच येते. दाढेत घाई नव्हतीच. दाढेत घाईच्या घरचे माणूस होते.

तरी बाई म्हणाल्या, "थांबा. हिचं वाचन करतानाच चूक झाली असेल तर? आईचा आणि मावशीचा नमुना आणा." बाईंची हीच गोष्ट मला आवडते. खात्री होईपर्यंत त्या आनंदसुद्धा करत नाहीत.

आईने गालात काडी फिरवली ती काच पुसावी तशी, शांतपणे, कोपऱ्यांसकट. मावशीने काडी पाहिली आणि म्हणाली, "एवढीच? मला वाटलं रक्त काढणार. मी उपाशी आलेय." मग तोंडात काडी असतानाच तिने दादाला चार प्रश्न विचारले. नमुना दुसऱ्यांदा घ्यावा लागला. दोघींच्या माळेत तो बदललेला मणी अगदी जागच्या जागी होता. तो त्यांना त्यांच्या आईकडून आला होता, आणि मी साक्ष द्यायला तिथेच बसले होते. पण साक्षीला मला कुणी बोलावले नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

मग मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावले. लादी पुसणाऱ्या काकांनाही. "या मुलीने हयगय केली असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तिने केली नव्हती. घाई मी केली. जेवढं वाचलं होतं तेवढ्यावर ठरवलं." मग घाईकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून आत. आणि मला जमलं तर माफ कर."

"बाई, तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं," घाई म्हणाली. मग तिला राहवले नाही. "म्हणजे, पूर्ण वाचून झाल्यावर म्हटलं असतं." सगळ्यांत मोठ्याने मोठ्या बाईच हसल्या.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. पण घाईने एक मागणे मागितले, आणि ते सरांनी मान्य केले. एका सकाळी घाई, आई आणि मावशी अशा तिघी हाडे ठेवतात त्या कोठारात गेल्या. लोखंडी मांडण्यांवर ओळीने पेट्या. प्रत्येक पेटीवर क्रमांक. सरांनी एक पेटी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडले.

मावशी पहिल्यांदाच गप्प होती. मग ती वाकली, पुढच्या दाताची खाच पाहिली आणि म्हणाली, "माझा दात असाच आहे." आता दातांचा आकार माझ्याकडे नसतो, ते गाभ्यातल्या मंडळींचे खाते. शिवाय ती खाच वेताने पडलेली, आणि मावशीचा दात तलावाच्या कठड्यावर आपटून तुटलेला. पण मी गप्प बसले. असल्या ठिकाणी हुशारी दाखवू नये.

"ही आमची नक्की कोण लागते?" आईने विचारले.

"आजीची आजी, तिची आजी, असं खूप मागे," सर म्हणाले. "किंवा त्या आजीची बहीण. ते आता कळणार नाही."

मला ठाऊक होते. ती आजीच होती. थोरल्या मुलीकडून मी इथवर चालत आले होते.

आईने पदर सावरावा तशी ओढणी सावरली, आणि मोठ्या माणसांपुढे ओळख सांगतात तशी ती पेटीला सांगायला लागली. आपले नाव सांगितले, आपल्या आईचे सांगितले, आईच्या आईचे सांगितले. तिथे ती अडली. मावशीने आणखी एक नाव आठवून दिले, पण ते खरे नाव होते की लाडाचे, हे तिलाही सांगता येईना. त्याच्या मागे काहीच नव्हते. तिघीही उभ्या राहिल्या.

"त्यापुढचं कधी विचारलंच नाही गं आपण," आई मावशीला म्हणाली. "आई होती तोवर विचारायला हवं होतं."

मावशीने मान हलवली. निघताना आईने पेटीच्या कडेला हात टेकवला आणि म्हणाली, "येतो आम्ही."

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका. मी तुमच्यातही आहे. कुणाची माळ थोडी वेगळी असेल, पण सगळ्या एकाच घरच्या. मला जपण्यासाठी तुम्हाला काही करावे लागत नाही. आयांनी मला बर्फातून आणले, पुरातून आणले, तापातून आणले, आणि पुढेही मी जाईनच. आईने लेकीला दिलेला प्रत्येक मणी मी सांभाळून ठेवला आहे. फक्त नावे माझ्यात मावत नाहीत. टोपली विणणारीला तिची आई काय म्हणून हाक मारायची, ते मला सांगता येत नाही, म्हणून मी तिला टोपलीवाली म्हणते. आज घरी गेलात की आईला तिच्या आजीचे नाव विचारा, आणि तिच्या आजीला कुणी काय म्हणत असे तेही. ती कामात असली तर काम संपेपर्यंत थांबा, पण विचारा. बाकी सगळे मी नेईन. नावे तेवढी तुम्हीच न्यायची आहेत.